एकशे अठरा नंबरची बाटली

सत्यभामाचं लग्न झालं ते साल दोन हजार सोळाचं, महिना फेब्रुवारीचा. पत्रिकेच्या तळाशी, जिथं लोक आहेर आणू नये असं छापतात, तिथं तिच्या बापानं, गहिनीनाथनं, छापून घेतलं होतं, 'येताना आपापली पाण्याची बाटली सोबत आणावी.' छापखानेवाला हसला नाही. म्हणाला, "ह्या वर्षीची ही नववी पत्रिका हाय अशी."

गाव बोरओढा, तालुका आष्टी. पावसानं तिसऱ्या वर्षी पाठ फिरवलेली. हापसा हाणून हाणून हाताला फोड यायचे आणि नळीतून नुसता वारा निघायचा. टँकर चार दिवसांतून एकदा. त्या वर्षी गावातली एक जुनी रीत मोडली. दारात माणूस आला की आधी पाण्याचा तांब्या पुढं करायचा आणि मग कुठून आलात ते विचारायचं, अशी ती रीत. आता लोक आधी पाहुण्याच्या हाताकडं बघत. हातात बाटली दिसली की घरच्या बाईचा जीव भांड्यात पडे. पाहुणा स्वतःचंच पाणी पिई, आणि घरधनी दुसरीकडं बघत बसे. बाटलीशिवाय घराबाहेर पडलेला माणूस उघडा वाटायचा.

गहिनीनाथची थोरली भावजय दगडाबाई. तिचं माहेर नांदूरघाट. नवरा ऐन तिशीत गेला, पोटी मूल नाही. दसरा झाला की गहिनीनाथ आणि त्याची बायको गीताबाई कोयते घेऊन ऊसतोडीला जात, ते पाडव्याच्या आसपास परतत. सहा महिने दोन्ही लेकरं दगडाबाईच्या पदराखाली. थोरला उत्तरेश्वर तिच्याच हातची भाकरी खाऊन बारावी झाला. तो तिला मोठी माय म्हणे. आईला काही विचारायचं झालं तरी आधी तो मोठ्या मायला विचारी.

हाच उत्तरेश्वर शिकून शहराच्या विमानतळावर नोकरीला लागला. गावात त्याची ओळख तात्याबानं करून दिलेली. हा म्हातारा पारावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, "आमचा उत्तऱ्या इमानात हाय." कुणी विचारलं, इमानात कुठं, तर म्हणे, "खाली. इमान वर गेलं की हा खालीच ऱ्हातो."

खरं तर तो एका विमान कंपनीच्या सुरक्षा खात्यात होता. प्रवासी जे मोठं सामान विमानाच्या पोटात टाकायला देतात, ते आधी एका मशीनमधून जातं. त्या मशीनच्या पडद्यापुढं तो बसायचा. वीस मिनिटं पडदा, मग दुसरं काम, मग परत वीस मिनिटं. त्याहून जास्त बसू देत नाहीत. डोळा उघडा राहतो, पण बघायचा थांबतो. पडद्यावर लोखंड निळं दिसतं, कपडालत्ता आणि खाणंपिणं नारिंगी, मिसळीचं हिरवं. मधूनच मशीन स्वतःहून एखाद्या बॅगेत खोटा बाँब दाखवतं. माणूस जागा आहे का ते तपासायला. बटण दाबलं नाही तर नावापुढं फुली पडते. त्यामुळं माणूस घरी जेवायला बसला तरी ताटात भाजी नारिंगी आहे आणि चमचा निळा आहे असंच बघत राहतो.

शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "माणसाकडं बघू नका, सामानाकडं बघा. माणूस रडतो, हात जोडतो, साहेबाची ओळख सांगतो. सामान काहीच बोलत नाही, म्हणून ते खरं."

पण उत्तरेश्वरला सामान बोललेलं ऐकू यायचं. दोनदा घडी घातलेली सतरंजी दिसली की हा माणूस दवाखान्यात मुक्काम करणार. तान्ह्याचे वाळे दिसले की ही माहेराहून निघाली. असं ओळखण्याचा त्याला नाद लागला होता.

मार्च महिन्यात त्याच नादानं घात केला. एका बॅगेत लुगड्याच्या घड्यांमध्ये नारळ दिसला, खारका दिसल्या, हळकुंडं दिसली आणि सुक्या खोबऱ्याच्या पाच वाट्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही. त्याला तेल सुटतं, ते पेट घेतं. हा नियम त्याला झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगता आला असता. पण पडद्यावर त्याला खोबरं दिसलंच नाही, ओटी दिसली. कुणीतरी आई लेकीच्या डोहाळजेवणाला चालली आहे. ओटीतली वाटी कशी काढायची? त्यानं बॅग सोडून दिली. मागून साहेबानं तीच चित्रं परत तपासली आणि वाट्या मोजून दाखवल्या.

साहेब वाईट नव्हता. म्हणाला, "तुझा डोळा चांगला आहे रे. मधे मन आडवं येतं, तेवढं काढ."

मशीनवर बसायचा त्याचा दाखला थांबवला. जूनमध्ये परत परीक्षा. परीक्षेला येताना चांगल्या वागणुकीचं पत्र आणायचं. मधल्या काळात असंच तपासणीचं काम कुठं केलं असेल आणि तसं लिहून आणलं तर फार बरं. उत्तरेश्वर पेटी उचलून बोरओढ्याला आला, आणि महिनाभर टँकरच्या रांगेत हंडे लावत बसला. ही नोकरी गेली तर पुढं काय, ते त्याला ठाऊक होतं. ओसरीच्या दोन खुंट्यांना आईबापाचे कोयते लटकत होते, आणि तिसऱ्या खुंटीला काहीच नव्हतं.

गावापासून अडीच कोसांवर सहकारी साखर कारखाना. त्या वर्षी ऊसच नाही म्हणून चिमणी थंड होती. मोकळ्या मैदानात कारखान्याच्याच एका संस्थेनं जनावरांची चारा छावणी उघडली होती. पंचक्रोशीतली हजारभर जनावरं तिथं बांधलेली, आणि तीन-चार जनावरांमागं एक माणूस उघड्यावर मुक्कामाला. दगडाबाईची एकुलती एक तांबडी गाय तिथंच होती. कानात पिवळा बिल्ला. दगडाबाई गाईपाशीच खोपटात राही, आठ दिवसांनी घरी येऊन जाई.

कारखान्याचे चेअरमन विठ्ठलराव. माणूस गोड बोलणारा. एप्रिलच्या शेवटी त्यांनी उत्तरेश्वरला बोलावणं धाडलं.

"मंत्रीसाहेब येणार हायेत छावणीला. हेलिकॉप्टरनं. हितंच मैदानात उतरणार. पोलिसांचं म्हणणं पडलं की गेटवर सामान तपासायला जाणता माणूस पायजे. आपल्या तालुक्यात तुझ्याइतका जाणता कोण हाय?"

उत्तरेश्वर नजरेनंच मैदान मोजू लागला.

"तुझं कळलंय मला," विठ्ठलराव म्हणाले. "गेट नीट सांभाळ. कारखान्याच्या कागदावर पत्र देतो. वर साहेबांच्या हापिसाचा शिक्का आणून देतो. मग तुझी कंपनी तुला खुर्ची पुसून बसवंल."

त्या दिवशी उत्तरेश्वर घरी आला तो हलका होऊन. दुसऱ्या दिवसापासून त्यानं गेटाची मांडणी सुरू केली. संस्थेच्या कचेरीतली दोन लांब टेबलं आणली. विमानतळावर सामान ठेवायला ट्रे असतात, ते इथं कुठले? दूध संघ बंद पडला होता, त्याचे निळे क्रेट पडून होते. ते धुवायला पाणी नव्हतं, म्हणून राखेनं घासले. पोलिसांनी चौकटीचं मशीन आणि हातातला दांडा आणला. बाटल्या ठेवायला जागा, त्यांना नंबराच्या चिठ्ठ्या, बायकांना वेगळी रांग, तिथं बाई पोलीस. त्याची कामाची हौस बघून फौजदारसुद्धा म्हणाला, "लई व्यवस्थित हाय बे तू."

फौजदाराचा हुकूम साधा होता. काळं फडकं आत नको, कुणी निषेधाला दाखवील. आणि बाटली आत नको, कोणतीच नको. मागं कुठल्या तरी सभेत एकानं बाटलीतून फवारणीचं औषध आणून सगळ्यांदेखत पिलं होतं. पाण्याच्या बाटलीत पाणीच आहे हे कोण वास घेत बसणार?

उत्तरेश्वरनं विचारलं, "आत पाण्याचं काय?"

विठ्ठलरावांचा माणूस बंकट शेजारीच उभा होता. छावणीचा सगळा कारभार त्याच्या हाती. तो म्हणाला, "टँकर हाय की आत. पाच हजार लिटरचा, निस्ता प्यायला. मांडवाला लागूनच उभा करतो."

विमानतळावरही असंच असतं. या बाजूला बाटली काढून घ्यायची, त्या बाजूला नळ असतो. उत्तरेश्वरनं पाच वर्षांत तो नळ कधी उघडून बघितला नव्हता. बघायची गरजच पडली नव्हती.

गुरुवारी सकाळी आठपासून रांग लागली. बंकटनं आदल्या दिवशीच छावणीत फिरून सांगितलं होतं, ज्याच्या जनावराला बिल्ला आहे त्यानं मांडवात बसायचंच. हजेरी होईल. साहेबांचं भाषण संपायच्या आत जो उठला, त्याच्या जनावराचा चारा दुसऱ्या दिवशी बंद. साहेब अकराला येणार होते. सगळ्यांनी दहाच्या आत बसायचं.

पहिला आला तात्याबा. मशीन वाजलं.

"काय हाय कमरंला?"

"करदोडा हाय. चांदीची पेटी हाय त्याला."

फौजदार म्हणाला, "करदोडा काळा हाय. काळं चालत न्हाई."

तात्याबानं धोतराचा सोगा सोडायला घेतला. "काढतो की. पर मग माजं कातडं बी काळंच हाय, ते कुठं ठिवू? क्रेटात मावंल का?"

रांग हसली. फौजदारही हसला. तात्याबाची तंबाखूची चंची, चुन्याची डबी आणि अडकित्ता क्रेटात गेला. मागून एक बाई बोलली, वत्सलाबाई, दगडाबाईच्या खोपटाशेजारची. "मंगळसूत्रातलं काळं मणी बी ठिवायचं का हो साहेब? तसं आमच्या मालकाला चालंल." पुन्हा हशा झाला. उन्हं चढायची होती तोवर सगळ्यांना थट्टा सुचत होती.

उत्तरेश्वर हसला नाही. तो सामानाकडं बघत होता. पिशवी उघडायची, हात घालायचा, बाटली काढायची, दोन चिठ्ठ्या फाडायच्या, एक बाटलीला, एक माणसाच्या हातात. साठ झाल्या, नव्वद झाल्या. काचेच्या, प्लास्टिकच्या, एकानं तर फवारणीच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन पाण्याला घेतलेली. ती बघून त्याला फौजदाराचं म्हणणं पटलं.

मग टेबलावर एक बाटली आली आणि त्याचा हात थांबला. लिटरची प्लास्टिकची बाटली. तिच्या अंगावर गोणपाटाचा अंगरखा, सुतळीनं शिवलेला, खांद्याला अडकवायला बंद. गोणपाट ओलं होतं. असं शिवणारी गावात एकच. त्याच्या शाळेच्या दिवसांत तिनं त्यालाही अशीच शिवून दिली होती.

"आरं, बघतूस काय? माजीच हाय," दगडाबाई म्हणाली. नऊवारीचा पदर डोक्यावर, कपाळ मोकळं, एका हातात काठी. सत्तरीला आलेली. "तांबडीला सकाळपून अर्धीच पेंडी टाकली त्या बंकट्यानं. तू सांग बरं त्याला."

"सांगतो. मोठी माय, बाटली हितं ठिवायची."

"ती कावून?"

"आत न्यायची न्हाई कुणीच. आत टँकर हाय."

"टँकरला रांग आसंल. मला कुठं उभं ऱ्हावतंय. रक्तदाबाची गोळी खाल्ल्यावर तोंडाला कोरड पडती रं. डाक्टरनं सांगितलंय, घोट घोट पीत जा."

रांग मागून रेटत होती. फौजदार बघत होता. उत्तरेश्वरच्या डोळ्यांपुढं ओटीतल्या खोबऱ्याच्या वाट्या आल्या. पाच वाट्या आणि साहेबाचं बोट. इथं एकाची बाटली सोडली तर मागचे शंभर जण विचारतील, आणि फौजदार विठ्ठलरावांना जाऊन सांगेल की तुमचा जाणता माणूस घरच्यांना सोडतो.

तो खाली बघून म्हणाला, "सगळ्यांस्नी एकच नियम हाय, मोठी माय."

दगडाबाईनं त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग तिनंच बंद खांद्यावरून काढला. म्हणाली, "ठिव बाबा. तुझ्या नोकरीचं काम हाय. ठिव." आणि रांगेतल्या बाईला अभिमानानं सांगितलं, "माज्या हातचा हाय हा. मला बी सोडलं न्हाई बघा."

त्यानं चिठ्ठ्या फाडल्या. एकशे अठरा. तिनं आपली चिठ्ठी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि आत गेली.

अकरा वाजले, साहेब आले नाहीत. बारा वाजले. मांडव वरून पत्र्याचा नव्हता, कापडाचा होता, आणि कापड गर्द लाल. त्याच्याखाली बसलेले लोक भट्टीत घातल्यासारखे दिसत होते. गेटावर लिंबाची सावली होती. उत्तरेश्वरच्या पाठीमागं क्रेटांच्या चार थप्प्या, त्यात तीनशेच्या वर बाटल्या.

साडेबाराला फोन आला, साहेब दुसऱ्या तालुक्यातून निघतायत. हेलिकॉप्टर उतरायच्या जागी सकाळी पाणी मारलं होतं, ते केव्हाच वाळून धूळ झालं होतं. धूळ उडाली तर पायलट उतरत नाही. बंकट धावत आला, टँकरवाल्याला ओरडला, आणि मांडवाला लागून उभा असलेला टँकर हलला. उत्तरेश्वरनं तो गेटावरून जाताना बघितला. मागची तोटी उघडी होती आणि पाणी मैदानाच्या फुफाट्यावर पडत होतं. लोक मांडवातून माना वळवून बघत होते.  फक्त तात्याबाचा आवाज आला, "जिमिनीला पाजा आधी, तिला लई तान लागलीय."

उत्तरेश्वर बंकटपाशी गेला. "प्यायचं पाणी मारलं तू."

"दुसरा टँकर येतोय. निघालाय."

"कुठून?"

"निघालाय म्हन्लं ना बे. तू तुजं गेट बघ."

एक वाजला. दुसरा टँकर आला नाही. सव्वा वाजता वत्सलाबाई मांडवाच्या कडेनं वाकत वाकत गेटापाशी आली. बंकटच्या माणसानं तिला हटकलं, तर म्हणाली, मोकळं व्हायला चाललेय. तिनं उत्तरेश्वरला हात केला.

"आरं, तुजी मोठी माय कशी तरीच करतीय. घाम यायचा थांबलाय तिचा. बाटली मागतीय. नंबर एकशे आठरा म्हणं. दे."

उत्तरेश्वरनं मागं वळून बघितलं. गोणपाटाची बाटली दुसऱ्या थप्पीत वरच होती. हात लांब केला असता तर लागली असती.

फौजदार चार पावलांवर खुर्ची टाकून बसला होता. त्यानं विचारलं, "काय म्हणती बाई?"

"पाणी मागतायत. म्हातारी हाय आत."

"एकाला दिलं की तीनशे उठतील. आणि साहेब दहा मिनिटांत उतरतायत, वायरलेस आलाय. दहा मिनिटं दम धरा म्हणावं."

दहा मिनिटं. हा शब्द उत्तरेश्वरला पुढं पुष्कळ वर्षं पुरला. तेव्हा तो ऐकून त्याला सुटल्यासारखं झालं. तो वत्सलाबाईला म्हणाला, "काकू, दहा मिनिटं. साहेब आले की लगेच देतो. तिला सावलीला घ्या."

"सावली कुठं हाय बाबा तिथं?" ती म्हणाली आणि परत गेली.

उत्तरेश्वरनं विचारलं की फौजदार दर वेळी म्हणे, आणखी दहा मिनिटं. हेलिकॉप्टर आलं दोन वाजून चाळीस मिनिटांनी. मारलेलं पाणी वाळलं होतं, तरी ते उतरलं. धूळ मांडवावर आली. साहेबांनी एका गाईला हिरवी पेंडी चारली, फोटो निघाले, माईकवर ते अकरा मिनिटं बोलले, आणि गेले. तेवढ्या वेळात हेलिकॉप्टरचा पंखा फिरायचा थांबला सुद्धा नव्हता.

मग माणसं गेटावर धावली. नंबर ओरडत होती, क्रेट ओढत होती, ज्याला जी मिळाली ती बाटली तोंडाला लावत होती. उत्तरेश्वरनं एकशे अठरा नंबरची बाटली आधीच काखेत धरली होती. गर्दीत तो तिला शोधत होता. गर्दी विरळ झाली. तात्याबा आला, वत्सलाबाई आली नाही.

दगडाबाई मांडवाच्या खांबाला टेकून बसलेली होती. वत्सलाबाईनं आपल्या पदरानं तिला वारा घालायचं अजून सोडलं नव्हतं. उत्तरेश्वर गुडघ्यावर बसला. बूच उघडून बाटली ओठाला लावली. पाणी हनुवटीवरून खाली गळ्यात गेलं. अंग तव्यासारखं तापलेलं होतं. विठ्ठलरावांनी आपली जीप दिली. आष्टीच्या दवाखान्यात डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "किती वेळ झाला?"

माती दिली तेव्हा तिच्या पदराची गाठ गीताबाईनं सोडली. आत चिठ्ठी होती. गीताबाईला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं छावणीचा कागद असेल, गाईसाठी लागेल. तिनं तो उत्तरेश्वरच्या हातात दिला.

दहाव्याच्या आदल्या दिवशी दुपारी विठ्ठलराव घरी आले. बरोबर बंकट आणि एक लिफाफा. ओसरीवर बसले. कुणीतरी सवयीनं पाणी आणायला उठलं आणि पुन्हा बसलं. विठ्ठलरावांनी जीपमधून स्वतःची बाटली मागवली.

"लई वाईट झालं," ते म्हणाले. "वय बी झालं होतं म्हणा. आता तहसीलमधून चौकशी लागलीय. कुणीतरी अर्ज टाकला, उष्माघात म्हणून. मंडळ अधिकारी परवा तुझा जबाब घ्यायला येतील. गेटवर तू होतास. निस्तं एवढंच सांगायचं, की आत पाण्याची सोय होती आणि बाटल्या लोकांनी आपखुशीनं ठिवल्या." त्यांनी लिफाफा सतरंजीवर ठेवला. "आणि हे तुझं पत्र. शब्द दिला होता."

ते गेल्यावर गहिनीनाथनं लिफाफा उचलून लेकाला दिला. उत्तरेश्वरनं वाचलं. जाड कागद, वर कारखान्याचं बोधचिन्ह, खाली दोन शिक्के. उत्तरेश्वर गहिनीनाथ यांनी सुरक्षा तपासणीचे काम अत्यंत चोख बजावले असून कोणताही अनुचित प्रकार घडला नाही.

"सांग तसं," बाप म्हणाला. "मेलेलं माणूस माघारी येत न्हाई. नोकरी येती."

"बाटली म्या घेतली तिची, दादा."

"ठावं हाय मला. समद्या गावाला ठावं हाय. कुणी बोललं का तुला?"

कुणी बोललं नव्हतं. हेच त्याला सोसत नव्हतं. वत्सलाबाईसुद्धा म्हणाली होती, तू काय करणार बाबा, नियम होता.

मंडळ अधिकारी आले ते ग्रामपंचायतीत बसले. पांढरे कागद, कार्बन घालून. विठ्ठलरावांचा बंकट दारातच उभा. अधिकारी दमलेला होता, त्यानंही येताना स्वतःची बाटली आणली होती. म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात. तुम्हीच लिहा, मी सही घेतो."

उत्तरेश्वरनं पेन घेतलं. पडद्यापुढं पाच वर्षं बसून त्याला एक सवय लागलेली होती. जे दिसतं तेवढंच सांगायचं, कशाचं आहे ते सांगायचं, कुठं आहे ते सांगायचं. त्यानं कागदावर वाकून लिहिलं. टँकर किती वाजता हलला ते लिहिलं. वत्सलाबाई किती वाजता आली ते लिहिलं. फौजदार काय म्हणाला ते लिहिलं, आणि आपण काय म्हणालो तेही लिहिलं. विठ्ठलरावांचं पत्र त्यानं घडी घालून जबाबाच्या मागं टाचणीनं लावलं आणि लिहिलं, हे पत्र खरं नाही. शेवटी ती चिठ्ठी लावली.

अधिकाऱ्यानं वाचलं. दाराकडं बघितलं. हळूच म्हणाला, "हे असंच ठेवायचं का?"

"असंच."

त्या जबाबाचं पुढं काही झालं नाही. दवाखान्यानं लिहिलेलं मृत्यूचं कारण, वार्धक्य, तेच कायम राहिलं. तांबडीचा बिल्ला तिसऱ्या दिवशी कापला आणि गाय बाजारात गेली. जूनमध्ये विमान कंपनीची परीक्षा होती, तिला उत्तरेश्वर पत्राशिवाय गेला. डोळ्याच्या परीक्षेत शंभरातले सत्त्याण्णव मिळाले. पत्राचा रकाना रिकामा, म्हणून घेतलं नाही. दसऱ्यानंतर तो बापाबरोबर ऊसतोडीला गेला. तिसऱ्या खुंटीला आता कोयता आहे.

त्याच्या जबाबाचं शेवटचं वाक्य, आष्टीच्या कचेरीत फाईल असेल तर त्यात अजून असेल, ते असं:

माझी चुलती दगडाबाई, वय अंदाजे सत्तर, राहणार बोरओढा, ही गुरुवार दिनांक २८ एप्रिल २०१६ रोजी दुपारी तीनच्या सुमारास कारखान्याच्या मांडवात पाण्यावाचून मेली. तिचं पाणी माझ्याजवळ होतं.